हिरव्या पाण्याची गोष्ट



गेल्या ऑगस्टमधली आपली सहल बहुतेकांच्या लक्षात आहे ती बटाटेवड्यांसाठी आणि या देशात दुर्मिळ अशा दिवसभराच्या कडक उन्हासाठी. आमच्या लक्षात मात्र ती राहिली आहे एका पाटीसाठी. तळ्याकाठी, सायकली लावायच्या जागेपाशी, ती पाटी उभी होती आणि तिच्यावर 'ब्लाउवआल्ख' असे लिहिले होते. सतरंज्या, डबे, थर्मास, क्रिकेटच्या यष्ट्या असे सामान वाहून नेताना आम्ही तिच्या शेजारून चार वेळा गेलो आणि चारही वेळा ती वाचली नाही.

पाचव्या खेपेला वाचली. तोपर्यंत आमची धाकटी, वय वर्षे चार, गुडघाभर पाण्यात उभी राहून बादलीत वाटाण्याच्या सारासारखे काहीतरी ढवळत होती. "बघा, पालकाची भाजी झाली!" असे म्हणून तिने बोट चाटले.

त्या दिवशी आम्हाला आमच्या डॉक्टरेटचा काडीइतका उपयोग झाला नाही. मुलीला नळाखाली धरून स्वच्छ धुतले, कपडे बदलले आणि संध्याकाळी दवाखान्याला फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारले, किती प्यायली, उलटी झाली का, अंगावर पुरळ उठले का. रात्रभर लक्ष ठेवा म्हणाल्या. रात्रभर आम्ही लक्ष ठेवले. ती मात्र गाढ झोपली आणि सकाळी उठून पुन्हा तळ्यावर जाऊ म्हणाली. थोडक्यात निभावले. चूक सर्वस्वी आमची होती. इतकी वर्षे या देशात राहून, रसायनशास्त्र शिकून, एक पाटी आम्हाला वाचता आली नव्हती.

त्याच सहलीत एका सभासदांच्या सासूबाई, सांगलीहून उन्हाळ्यापुरत्या आलेल्या, आम्हाला म्हणाल्या, "अहो, शेवाळ म्हणजे शेवाळच ना? आमच्या विहिरीला बारा महिने असायचं. तेच पाणी पिऊन आम्ही वाढलो." पुढे सप्टेंबरात गणपती विसर्जनाच्या वेळी निर्माल्य तळ्यात टाकावे की नाही यावरून जरा गरमागरमी झाली, तीही आपल्याला माहीत आहे. तेव्हा कार्यकारिणीने आम्हाला सांगितले की, तुम्ही केमिस्ट आहात, पुढच्या अंकात हे प्रकरण एकदा नीट लिहून काढा. म्हणून हा लेखप्रपंच.

शेवाळ नव्हे, जिवाणू

सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर पहिले. विहिरीच्या दगडांवर किंवा पायऱ्यांवर धरते ते शेवाळ बहुधा साधे हिरवे शेवाळ असते. पाय घसरेल एवढाच त्याचा धोका. तळ्यावर उन्हाळ्यात जो हिरव्या ऑइलपेंटसारखा तवंग येतो तो वेगळ्या जातीचा. डच लोक त्याला निळे शेवाळ म्हणतात, आपण नील-हरित शेवाळ म्हणतो, पण शास्त्राच्या दृष्टीने ते शेवाळच नाही. ते जिवाणू आहेत, सायनोबॅक्टेरिया. झाडांप्रमाणे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे आणि प्राणवायू सोडणारे जिवाणू.

यांना सरसकट खलनायक ठरवू नये. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू प्रथम साठला तो यांच्याच पूर्वजांमुळे. भातखाचरातल्या पाण्यात यांच्यातल्या काही जाती हवेतला नत्र पकडून पिकाला देतात, म्हणून आपल्याकडे भाताला नील-हरित शेवाळाचे खत घालतात. औषधांच्या दुकानात स्पिरुलिनाच्या गोळ्या मिळतात तेही यांचेच भाऊबंद. पण मायक्रोसिस्टिस आणि प्लँक्टोथ्रिक्स या दोन जाती, ज्या इथल्या तळ्यांत वारंवार दिसतात, त्या विष तयार करू शकतात.

मायक्रोसिस्टिसची युक्ती मोठी मजेदार आहे. त्याच्या पेशीत हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांच्या जोरावर ते पाण्यात वर-खाली होते. पाणी उबदार, वारा पडलेला आणि खायला भरपूर असले की कोट्यवधी पेशी पृष्ठभागावर येतात, वाऱ्याच्या हलक्या झुळकीने एका काठाला गोळा होतात आणि नेमक्या तिथेच लहान मुले बादल्या घेऊन उभी असतात.

डेल्फ्टचे दोन गृहस्थ

हा प्रकार नवा नाही, आणि त्याचा शोध घेण्याचे बरेचसे श्रेय आपल्या शेजारच्याच गावाकडे जाते. आंतोनी फान लेवेनहुक हे डेल्फ्टमधले कापडाचे व्यापारी. स्वतः भिंगे घासून ते सूक्ष्मदर्शक बनवत. १६७४ सालच्या सप्टेंबरात त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र पाठवले. डेल्फ्टपासून दोनेक तासांच्या वाटेवर बेर्केलसे मेर नावाचे तळे होते. त्याचे पाणी हिवाळ्यात नितळ असे आणि उन्हाळ्यात पांढुरके होऊन त्यात हिरवे ढग तरंगत. आसपासचे शेतकरी म्हणत, हे दवामुळे होते. लेवेनहुकना ते पटेना. त्यांनी पाण्याची बाटली भरून आणली, दुसऱ्या दिवशी भिंगाखाली ठेवली आणि त्यात त्यांना सर्पाकार वळलेले हिरवे तंतू आणि इकडेतिकडे धावणारे असंख्य इवलेसे जीव दिसले. सूक्ष्मजीवांशी माणसाची ओळख झाली ती अशी, एका गढूळ डच तळ्यामुळे.

दुसरे गृहस्थ मार्टिनस बायरिंक. तेही डेल्फ्टचेच. १८९० मध्ये त्यांनी क्लोरेला हे हिरवे शेवाळ प्रथम शुद्ध स्वरूपात वाढवले, आणि १८९५ मध्ये प्राणवायूविना जगणारे, सल्फेटवर श्वास घेणारे जिवाणू शोधून काढले. हे दुसरे जिवाणू आपल्या गोष्टीत लवकरच येणार आहेत. तळ्याकाठी कुजक्या अंड्यांचा वास येतो तो यांचाच.

पहिली पंगत, दुसरी पंगत

आता मुख्य प्रश्न. उन्हाळ्यात वाढलेला हा हिरवा डोंगर पुढे जातो कुठे?

तो मरतो. कधी खाणे संपते, कधी हवा थंड होते, कधी विषाणू किंवा सूक्ष्म बुरशी त्याच्यावर हल्ला करते. पेशी फुटतात आणि आतला ऐवज पाण्यात सांडतो. साखर, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, सगळे. ही वार्ता पाण्यातल्या इतर जिवाणूंना लागायला वेळ लागत नाही. तळ्याच्या एका चमच्याभर पाण्यात लाखो जिवाणू असतात, ते एरवी अर्धपोटी असतात आणि आता त्यांना अचानक लग्नाचे जेवण मिळते.

या जेवणाचे नियम आपल्या पंगतीसारखेच आहेत. अन्न जाळायला काहीतरी लागते. पहिल्या पंगतीला बसणारे जिवाणू प्राणवायू वापरतात, त्यातून सर्वांत जास्त शक्ती मिळते. प्राणवायू संपला की दुसरी पंगत नायट्रेटवर बसते. मग मँगनीज आणि लोखंडाच्या ऑक्साइडवर. मग बायरिंक यांचे सल्फेटवाले येतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. शेवटच्या पंगतीला मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव उरतात. गाळातून बुडबुडे येताना दिसतात ना, ती शेवटची पंगत चालू असल्याची खूण. हे मिथेनवाले खरे तर जिवाणूंहून निराळ्याच शाखेतले, पण पंगतीत तेवढे चालायचेच.

पहिली पंगत किती प्राणवायू खाते याचा हिशेब कोणत्याही रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला करता येतो. सूक्ष्म शेवाळाच्या शरीरात सरासरीने फॉस्फरसच्या एका अणूमागे नत्राचे १६ आणि कार्बनचे १०६ अणू असतात. त्यावरून १ ग्रॅम फॉस्फरसवर सुमारे ११४ ग्रॅम सुके शेवाळ पोसले जाते. ते पूर्ण कुजवायला सुमारे १४२ ग्रॅम प्राणवायू लागतो. २० अंश तापमानाच्या एका लिटर पाण्यात प्राणवायू मावतो तो जेमतेम ९ मिलिग्रॅम. म्हणजे एका ग्रॅम फॉस्फरसपायी जवळजवळ १६ हजार लिटर पाण्यातला प्राणवायू संपू शकतो. हवेतून नवा प्राणवायू विरघळत असतो, वाऱ्याने पाणी ढवळले जाते, म्हणून रोज असे होत नाही. पण उकाड्याच्या, वारा पडलेल्या रात्री होते. सकाळी मासे तोंड वर काढून तडफडताना दिसतात.

मेलेले मासे आणि पक्षी उबदार, प्राणवायू नसलेल्या पाण्यात पडून राहिले की आणखी एका जिवाणूची चंगळ होते. त्याचे नाव क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. त्याच्या विषाने बदकांच्या माना लुळ्या पडतात. इथल्या उन्हाळ्यात हे नेहमी घडते. मुलांनी मेलेल्या बदकाला हात लावू नये आणि आपण खेमेन्टेला किंवा वॉटरस्खापला फोन करावा, हे यामुळेच.

विषाचे काय होते?

मायक्रोसिस्टिसच्या विषाला मायक्रोसिस्टिन म्हणतात. सात अमिनो आम्लांची ती एक बंद माळ आहे. बंद असल्यामुळे फार टिकाऊ. पाणी उकळून ते नष्ट होत नाही, ही गोष्ट आपल्या घरांत मुद्दाम सांगायला हवी, कारण पाणी उकळले म्हणजे झाले असा आपला पिढीजात समज आहे. हे विष यकृतावर हल्ला करते. ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात १९९६ साली एका डायलिसिस केंद्रात असे पाणी वापरले गेले आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी दर लिटरला १ मायक्रोग्रॅम ही तात्पुरती मर्यादा १९९८ मध्ये घालून दिली.

इथले कुत्रे पाळणारे लोक सावध असतात त्यालाही कारण आहे. २०११ मध्ये आयमेरच्या काठी वाहून आलेले सायनोबॅक्टेरियाचे पुंजके खाऊन तीन कुत्री मेली. त्यांतले विष निराळे होते, मज्जासंस्थेवर परिणाम करणारे.

मग हे विष तळ्यात कायम का साठून राहत नाही? याचेही उत्तर जिवाणूच. काही जिवाणूंना, विशेषतः स्फिंगोमोनास या कुळातल्या, मायक्रोसिस्टिनची माळ तोडता येते. त्यांच्याजवळ एक खास एन्झाइम असते. ते माळेतला एकच विशिष्ट बंध कापते. माळ उलगडली की विषाची ताकद दीडशे पटींहून अधिक कमी होते. उरलेली लडी मग आणखी दोन एन्झाइमे तुकडे करून खाऊन टाकतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात हे उलगडून दाखवले.

पण इथे एक मेख आहे. ऑस्ट्रेलियातल्याच एका तळ्यात शेवाळनाशक टाकून मायक्रोसिस्टिस मारले गेले. पेशी फुटल्या, विष बाहेर आले आणि सुमारे नऊ दिवस ते पाण्यात तसेच राहिले. त्यानंतर तीनेक दिवसांत ते बहुतेक सारे नाहीसे झाले. विष खाणाऱ्या जिवाणूंची संख्या वाढायला तेवढा वेळ लागला होता. १९९४ साली हे प्रसिद्ध झाले. आपल्यासाठी यातला धडा असा की, हिरवा तवंग गेला, पाणी नितळ दिसू लागले, म्हणजे लगेच पोहायला हरकत नाही असे समजू नये. पाटी निघेपर्यंत थांबावे.

नत्राला वर वाट आहे, फॉस्फरसला नाही

इतके सगळे वाचून कोणी म्हणेल, वा, जिवाणू तळे साफ करतात की! मग बिघडले कुठे?

बिघडते ते इथे. जिवाणू शेवाळ कुजवतात म्हणजे त्याचे मूळ घटक पुन्हा सुटे करतात. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो, तो हवेत जातो. नत्राचेही एक बरे आहे. नायट्रेटच्या पंगतीला बसलेले जिवाणू त्याचा नत्र वायू करतात आणि तो आकाशात निघून जातो. फॉस्फरसला मात्र अशी वर जायची वाट नाही. तो पाण्यात राहतो नाही तर गाळात बसतो.

गाळात प्राणवायू असेपर्यंत गंजलेले लोखंड फॉस्फरसला धरून ठेवते, तिजोरीत ठेवल्यासारखे. पण कुजण्यामुळे तळाचा प्राणवायू संपला की जिवाणू त्या लोखंडालाच रूप बदलायला लावतात आणि तिजोरी उघडते. वर सल्फेटवाल्यांनी सोडलेले सल्फाइड लोखंडाला चिकटून त्याचे काळे संयुग करते. तळ्याचा गाळ डांबरासारखा काळा असतो तो यामुळे. मग लोखंड फॉस्फरसला धरायला मोकळेच राहत नाही. सुटलेला फॉस्फरस वर येतो आणि नव्या शेवाळाला मिळतो. म्हणजे या वर्षीच्या शेवाळाची राख पुढच्या वर्षीच्या शेवाळाचे खत होते. जिवाणू हे भांडी घासणारे आहेत, खरकटे बाहेर नेणारे नव्हेत.

म्हणूनच 'तळ्यात आमचे खास जिवाणू ओता, पाणी आरशासारखे होईल' असे सांगणाऱ्या बाटल्यांविषयी आम्हाला शंका वाटते. तळ्यात जिवाणूंची वाण कधीच नसते.

फेलुवेमेरचा धडा

मग उपाय काय? या देशाने ते करून पाहिले आहेत, काही फसले, काही साधले. सगळ्यांत शिकवून जाणारे उदाहरण फेलुवेमेरचे. हार्डरवाइकला डॉल्फिन बघायला मुलांना घेऊन गेला असाल तर त्याच्या काठावरून तुम्ही गेला आहात.

पूर्व फ्लेवोलँडचा पोल्डर १९५७ मध्ये कोरडा केला तेव्हा जुन्या किनाऱ्याला लागून हे उथळ तळे तयार झाले. सुरुवातीला पाणी नितळ, तळाशी पाणवनस्पतींची कुरणे. पुढे गावांचे सांडपाणी येत गेले आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून प्लँक्टोथ्रिक्सने तळे ताब्यात घेतले. पाणी हिरवे-तपकिरी, तळापर्यंत ऊन पोचेना, वनस्पती नाहीशा झाल्या. १९७९ मध्ये हार्डरवाइकच्या सांडपाण्यातला फॉस्फरस काढून टाकायला सुरुवात झाली आणि हिवाळ्यात पोल्डरचे फॉस्फरस कमी असलेले पाणी तळ्यातून वाहवले गेले.

लोकांना वाटले, दोन वर्षांत तळे निवळेल. तसे झाले नाही. शेवाळ कमी झाले, पण पाणी गढूळच राहिले. कारण आता तळ उकरत फिरणारे ब्रासम मासे होते. ते गाळ ढवळत, गढुळपणाने वनस्पती उगवत नसत, आणि वनस्पती नसल्यामुळे गाळ बसत नसे. डच शास्त्रज्ञ मार्टेन स्खेफर यांनी १९९३ मध्ये मांडलेली कल्पना हीच. उथळ तळ्याच्या दोन अवस्था असतात, नितळ आणि गढूळ, आणि दोन्ही आपापल्या जागी घट्ट रुतून बसतात. एकीतून दुसरीत जायला थोडे ढकलून भागत नाही. १९९० च्या दशकात ब्रासम मोठ्या प्रमाणावर पकडले गेले, शिंपले परतले, क्रान्सवीर नावाची पाणवनस्पती पसरली आणि दशकाच्या मध्यानंतर फेलुवेमेर पुन्हा नितळ झाले. तिथल्या वनस्पती खायला हिवाळी हंसही परत आले. नळ बंद केल्यापासून खोली कोरडी व्हायला दीड दशक लागले असे म्हणा ना.

दुसरे उदाहरण ॲम्स्टरडॅमच्या नीवे मेरचे. ते खोल तळे. तिथे १९९३ पासून तळाशी हवा सोडून पाणी ढवळायला सुरुवात झाली. पाणी फिरते राहिले की मायक्रोसिस्टिसच्या हवेच्या पोकळ्यांचा त्याला फायदा घेता येत नाही आणि साधी शेवाळे त्याच्यावर मात करतात. बीसबॉसमधल्या पिण्याच्या पाण्याच्या साठ्यांतही असेच हवेने पाणी ढवळतात. तेव्हा रॉटरडॅमकर सभासदांनी नळाच्या पाण्याची चिंता करू नये.

तिसरे उदाहरण केमिस्ट म्हणून आमच्या विशेष आवडीचे. ग्रोनिंगेनमधल्या फेनदामजवळच्या कुट्सहाउस तळ्यात २००९ च्या जुलैत ॲम्स्टरडॅम विद्यापीठाच्या हान्स मॅथाइस आणि सहकाऱ्यांनी हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळले. जखम धुवायला वापरतात तेच, पण लिटरला फक्त २ मिलिग्रॅम, सगळीकडे सारखे. साध्या शेवाळाकडे त्याच्याशी सामना करायची तयारी असते, सायनोबॅक्टेरियाकडे ती फारच तोकडी. काही दिवसांत प्लँक्टोथ्रिक्स आणि त्याचे विष दोन्ही ९९ टक्के घटले, मासे-किडे बहुतांशी सुखरूप राहिले आणि सात आठवडे शेवाळाने डोके वर काढले नाही. पेरॉक्साइडचे मागे उरते ते पाणी आणि प्राणवायू. पण वाचकहो, सात आठवडे. फॉस्फरस तिथेच आहे. हे औषध ताप उतरवते, रोग बरा करत नाही.

आपल्या निर्माल्याचा हिशेब

आता विसर्जनाचा विषय. आपल्या एका ज्येष्ठ काकांचे म्हणणे होते, "पाणी सगळं सामावून घेतं. एवढ्याशा फुलांनी काय होतंय?" त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही, हे आधी कबूल करतो. या देशातल्या पाण्यात जाणाऱ्या फॉस्फरसचा मोठा वाटा शेतीतल्या खतांचा आणि शेणखताचा, मग सांडपाण्याचा. कपडे धुण्याच्या पावडरी इथे १९९० च्या सुमारास जवळजवळ फॉस्फेटमुक्त झाल्या. युरोपात कपड्यांच्या पावडरीवर २०१३ पासून आणि भांडी धुण्याच्या यंत्राच्या गोळ्यांवर २०१७ पासून कायद्याने बंधन आहे. मोठ्या तळ्याच्या हिशेबात आपली टोपलीभर फुले म्हणजे दर्यामे खसखस.

पण आपण विसर्जन करतो ते आयसेलमेरमध्ये नव्हे, वस्तीतल्या छोट्या तळ्यात. समजा दहा किलो निर्माल्य आहे. फुलांत दहा हिश्श्यांपैकी नऊ हिस्से पाणी धरले तर सुका भाग एक किलो. तो कुजवायला सव्वा किलोच्या आसपास प्राणवायू लागेल, म्हणजे सव्वा लाख लिटरहून अधिक पाण्यातला सगळा. एक मीटर खोलीचे, बॅडमिंटनच्या कोर्टाच्या दीडपटीहून मोठे तळे डोळ्यांपुढे आणा. सप्टेंबरात, जेव्हा उन्हाळ्याचे शेवाळही नेमके कुजत असते, तेव्हा एवढा बोजा त्या तळ्याला झेपेलच असे नाही. पुण्यात नदीकाठी निर्माल्य कलश आणि विसर्जनाचे हौद आले ते काही धर्म सोडून नव्हे. कोल्हापूरकरांना रंकाळ्याचे हिरवे पाणी पाहून जे वाटते तेच आपल्यालाही वाटायला हवे.

हाच हिशेब शिळ्या पोळ्यांना लागू आहे. बदकांना पोळ्या घालणे हा आपल्या मुलांचा रविवारचा आवडता कार्यक्रम. बदके खातात त्यापेक्षा जास्त बुडते, आणि खातात त्याचेही शेवटी तळ्यातच विसर्जन होते. मूठभर पुरे. पिशवीभर नको.

तेव्हा आपण काय करावे

पाटी वाचावी. इथला पोहण्याचा मोसम १ मे ते १ ऑक्टोबर. त्या काळात अधिकृत पोहण्याच्या जागांचे पाणी नियमित तपासतात आणि निकाल प्रांताकडून जाहीर होतात. निघण्यापूर्वी पाहून घ्यावेत. मुलाने 'ए डिप्लोमा' मिळवला म्हणजे त्याला पोहता येते, पाण्याची परीक्षा घेता येते असे नाही.

पाटी नसली तरी गुडघाभर पाण्यात उभे राहून स्वतःचे पाय दिसतात का पाहावे. तवंग, हिरवे पुंजके किंवा घाण वास असेल तर पाण्यात जाऊ नये. लहान मुले आणि कुत्री यांना आधी आवरावे, कारण तीच पाणी तोंडात घेतात. चुकून पाण्यात गेलेच तर स्वच्छ पाण्याने अंघोळ घालावी. उलट्या, जुलाब, पुरळ किंवा डोळ्यांची आग झाली तर हाउसआर्ट्सना फोन करावा आणि पाणी कोणत्या तळ्याचे ते सांगावे.

विसर्जनाबद्दल कार्यकारिणीच्या बैठकीत हा लेख वाचून दाखवला. शाडूची मूर्ती, हॉलच्या मागच्या अंगणात मोठे घमेले, माती नंतर ज्याच्या त्याच्या बागेत. फुले दोरे आणि प्लॅस्टिक काढून ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात, म्हणजे त्यांचे खत होईल. प्रसाद माणसांच्याच पोटात. काकांनी सगळे ऐकून घेतले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ठीक आहे. पण आरती तळ्याकाठीच व्हायला हवी."

ते सर्वांनी एकमताने मान्य केले. आरतीच्या वेळी पाटी वाचण्याचे काम आमच्या धाकटीकडे दिले आहे. तिला आता अक्षरे येऊ लागली आहेत.